लघवी अडकून नळी घातली आहे. प्रोस्टेटचे ऑपरेशन करावेच लागेल का?

प्रश्न: माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. दोन-तीन वर्षांपासून रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागत होते आणि धारही बारीक झाली होती. मागच्या आठवड्यात सर्दीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या घेतल्यावर लघवी पूर्ण बंद झाली. तालुक्याच्या रुग्णालयात नळी घातली तेव्हा ९०० मिलि लघवी निघाली. तीन दिवसांनी नळी काढून पाहिली, पण लघवी झाली नाही, म्हणून नळी पुन्हा घातली आहे. सोनोग्राफीत प्रोस्टेट ६४ ग्रॅम आणि उजव्या बाजूला हायड्रोसिल (अंडाभोवती साठलेले पाणी) असे आले आहे. नळी असतानाच केलेला पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ११ आला. त्यांना १२ वर्षांपासून मधुमेह आहे, आणि चार वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवल्यामुळे रक्त पातळ ठेवण्याच्या दोन गोळ्या चालू आहेत. एक डॉक्टर टर्प (दुर्बिणीतून प्रोस्टेट कापून काढणे) करा म्हणतात, दुसरे लेझरच करा म्हणतात. औषधांवर भागणार नाही का? कर्करोग असेल का? ऑपरेशनचा वैवाहिक जीवनावर परिणाम होतो का, हे वडिलांना डॉक्टरांना विचारायचे आहे, पण त्यांना संकोच वाटतो. हायड्रोसिलचेही त्याच वेळी उरकून घ्यावे का?

उत्तर: तुमच्यावर आज-उद्याच निर्णय घेण्याची वेळ आलेली नाही, हे आधी सांगतो. नळीतून मूत्राशय रिकामे होत आहे आणि मूत्रपिंडांवरचा ताण उतरला आहे, त्यामुळे तपासण्या नीट करून घ्यायला दोन-चार आठवडे हाताशी आहेत. दोन डॉक्टरांचे सल्ले तुम्हाला परस्परविरोधी वाटत असतील, पण त्यांच्यातला मतभेद वाढलेली ग्रंथी कशाने काढायची एवढ्यापुरताच आहे. त्याआधीचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो म्हणजे तुमच्या वडिलांचे मूत्राशय अजून स्वतःच्या जोराने आकुंचन पावते का. मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाभोवती असलेली ही प्रोस्टेट ग्रंथी तरुणपणी साधारण २० ग्रॅम असते आणि वयानुसार वाढतेच, पण केवळ तिच्या वजनावर ऑपरेशन ठरत नाही. ९० ग्रॅमची प्रोस्टेट असून काहीही तक्रार नसलेले गृहस्थ आम्ही पाहतो आणि ३० ग्रॅमच्या प्रोस्टेटने लघवी बंद झालेलेही पाहतो, कारण ग्रंथी बाहेरच्या अंगाला वाढली की आत मूत्रमार्गावर, यावर अडथळा अवलंबून असतो. तिचा मधला भाग मूत्राशयाच्या तोंडाशी वर आला असेल तर लहान ग्रंथीही वाट पूर्ण अडवते.

सर्दीच्या गोळ्यांचा उल्लेख तुम्ही केलात हे बरे झाले. बाजारातल्या बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिनसारखे एक आणि फिनाइलएफ्रिनसारखे दुसरे औषध असते. पहिल्याने मूत्राशयाचे आकुंचन मंदावते आणि दुसऱ्याने मूत्राशयाच्या तोंडाचा व प्रोस्टेटचा स्नायू आवळला जातो. म्हणजे ढकलणारा जोर कमी आणि दार अधिक घट्ट, असे दोन्ही एकाच वेळी घडते. ज्यांची धार आधीच बारीक झालेली आहे अशा माणसाची लघवी बंद व्हायला एवढे पुरते. लांबचा प्रवास, लघवी फार वेळ दाबून धरणे, बद्धकोष्ठता, मद्यपान किंवा हर्नियासारखे दुसरेच एखादे ऑपरेशन यांनीही असे होते. लघवी अडकण्याला असे ठळक निमित्त असेल तर ते दूर झाल्यावर पुन्हा मोकळी होण्याची शक्यता, काहीही निमित्त नसताना अडकलेल्यांपेक्षा जास्त असते.

आता ९०० मिलिचा अर्थ पाहू. निरोगी माणसाला ३०० ते ४०० मिलिच्या आसपास लघवीची स्पष्ट जाणीव होते आणि ५०० मिलिला तो अस्वस्थ होतो. तुमचे वडील त्या रात्री वेदनेने तळमळत होते की पोट फुगूनही तसे शांत होते, हे आठवून डॉक्टरांना जरूर सांगा. तीव्र वेदना होत्या तर मूत्राशयाच्या संवेदना शाबूत आहेत आणि हे अडकणे ताजे आहे. वेदना नव्हत्याच, तर मूत्राशय अनेक महिने हळूहळू ताणले जात होते असा संशय येतो. अशा रुग्णांत मूत्रपिंडेही फुगलेली आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा घटक) वाढलेले सापडते. नळी घातल्यावर त्यांना काही तास ताशी २०० मिलिपेक्षा जास्त लघवी होऊ शकते आणि पाणी व क्षार फार गेल्याने अशक्तपणा येतो, म्हणून त्यांना रुग्णालयात ठेवून लक्ष द्यावे लागते. मूत्राशय एकदम रिकामे करू नये, नळीला मध्येमध्ये चिमटा लावावा, असे पूर्वी शिकवत असत. त्याने काही वेगळा फायदा होत नाही हे आता स्पष्ट झाले आहे.

नळी काढून पाहण्याचा पहिला प्रयत्न फसला म्हणजे औषधांचा मार्ग बंद झाला असे नाही. त्या तीन दिवसांत त्यांना टॅम्सुलोसिन किंवा अल्फुझोसिनसारखी गोळी चालू होती का, हे कागदपत्रांत तपासा. या गोळ्या मूत्राशयाच्या तोंडाचा आवळलेला स्नायू सैल करतात आणि त्यांचा परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. ती न देता नळी काढली असेल तर तो प्रयत्न मी पुरा धरणार नाही. गोळी सुरू करून, बद्धकोष्ठता घालवून, जंतुसंसर्ग असल्यास त्यावर उपचार करून आठवडा-दहा दिवसांनी आणखी एक संधी द्यावी. नळी सकाळी काढावी, म्हणजे अडचण आली तरी रात्र पडायच्या आत काय ते कळते. वडिलांनी नेहमीइतकेच पाणी प्यावे. लवकर लघवी व्हावी म्हणून तांब्यावर तांबे रिचवले तर मूत्राशय ताणून पुन्हा अडकते. दोन-तीन वेळा लघवी झाल्यावर सोनोग्राफीने आत किती शिल्लक राहिली ते पाहतात. ते प्रमाण १०० मिलिच्या आत असेल तर समाधान मानता येते. ३०० मिलिच्या पुढे राहत असेल तर लघवी 'होते आहे' या समजुतीवर घरी बसणे धोक्याचे.

नळी असेपर्यंतच्या काळजीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्रास बहुतेक वेळा इथेच होतो. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली असावी. झोपताना ती अंथरुणावर शेजारी ठेवली तर पिशवीतली लघवी उलटी आत जाते. जमिनीला टेकू न देता ती खाटेच्या कडेला अडकवावी. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधलेली असावी, नाहीतर चालताना ओढ बसून रक्त येते. रोज आंघोळीच्या वेळी शिस्नाची पुढची त्वचा मागे घेऊन साबण-पाण्याने स्वच्छता करावी आणि ती त्वचा न विसरता पुन्हा पुढे आणावी. ती मागेच राहिली तर काही तासांत पुढचा भाग सुजतो आणि मग त्वचा पुढे आणणे अवघड होऊन बसते. ही तातडीची स्थिती अनेकदा निव्वळ विसरण्यातून उद्भवते. साधी रबरी नळी दोन ते चार आठवड्यांत आणि सिलिकॉनची साधारण तीन महिन्यांत बदलावी लागते. नळी असलेल्या प्रत्येकाच्या लघवीत काही दिवसांनी जंतू सापडतातच, त्यामुळे ताप, थंडी किंवा पोटदुखी नसताना केवळ तपासणीत जंतू आले म्हणून प्रतिजैविके घेऊ नयेत. तसे केले तर पुढे ऑपरेशनच्या वेळी जे औषध चालायला हवे त्यालाच जंतू दाद देत नाहीत. थंडी वाजून ताप आला किंवा नळी वाहायची थांबून पोट फुगले, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पीएसए ११ हा आकडा सध्या बाजूला ठेवा. हे प्रथिन प्रोस्टेटमध्येच तयार होते. ग्रंथी मोठी झाली, तिला सूज आली, लघवी अडकली किंवा नळी आत सरकवली, तरी रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. नळी घातलेल्या स्थितीत ही तपासणी करायलाच नको होती, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिचे उत्तर काहीही आले तरी त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही आणि घरातली झोप मात्र उडते. सूज उतरल्यावर, चार ते सहा आठवड्यांनी ती पुन्हा करावी. तोवर तज्ज्ञांनी गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट तपासली आहे का, ते विचारा. मिनिटभराची ही तपासणी रुग्ण लाजेने आणि काही डॉक्टर घाईने टाळतात, पण ग्रंथी मऊ आणि सारखी लागते की एखाद्या ठिकाणी दगडासारखी कठीण, हे कोणत्याही यंत्राआधी बोटालाच कळते. वयानुसार होणारी वाढ हा कर्करोग नव्हे आणि तिचे कर्करोगात रूपांतरही होत नाही. मात्र दोन्ही एकाच ग्रंथीत असू शकतात, कारण ही वाढ मूत्रमार्गालगतच्या आतल्या भागात होते आणि कर्करोग बहुधा बाहेरच्या भागात सुरू होतो. बोटाला काही कठीण लागले किंवा पुन्हा केलेला पीएसएही जास्त आला, तर आधी प्रोस्टेटचा एमआरआय आणि त्यात संशयास्पद जागा दिसल्यास तुकडा तपासणी, हा क्रम योग्य. तुकडा पूर्वी गुदद्वारातूनच घेत. आता अनेक ठिकाणी अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून घेतात, त्याने रक्तात जंतुसंसर्ग पसरण्याचा धोका बराच कमी होतो. नळी निघतच नसेल तर पीएसए खाली येण्याची वाट पाहण्यात अर्थ उरत नाही. अशा वेळी बोटाची तपासणी आणि एमआरआय यांवरच भिस्त ठेवावी लागते.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी ओळ मधुमेहाची आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा कमकुवत होतात, मूत्राशय भरल्याची जाणीव उशिरा होते आणि आकुंचनाचा जोर ओसरतो. अशा माणसाची प्रोस्टेट कितीही सफाईने काढली तरी मूत्राशय ढकलतच नसेल तर लघवी होणार नाही, आणि मग घरच्यांना ऑपरेशन फसले असे वाटते. म्हणून बारा वर्षांचा मधुमेह असलेल्या आणि ९०० मिलि साठलेल्या रुग्णात युरोडायनॅमिक तपासणी करून घेण्याकडे माझा कल राहील. हिच्यात एक बारीक नळी मूत्राशयात आणि दुसरी गुदद्वारात ठेवून मूत्राशय हळूहळू पाण्याने भरतात आणि लघवी करण्याच्या प्रयत्नात आतला दाब किती वाढतो ते मोजतात. अर्ध्या-पाऊण तासाची ही तपासणी थोडी अवघडल्यासारखी वाटते, पण तिला भूल लागत नाही. दाब चांगला असून धार येत नसेल तर अडथळा काढून टाकल्याचा नक्की फायदा होतो. दाबच नसेल तर आधी काही आठवडे मूत्राशयाला विश्रांती द्यावी लागते, ऑपरेशन केले तरी अपेक्षा बेताच्या ठेवाव्या लागतात आणि काहींना दिवसातून तीन-चार वेळा स्वतः बारीक नळी घालून लघवी काढण्याचे तंत्र शिकवावे लागते. ऐकायला हे भीतीदायक वाटते, पण कायमची नळी आणि पिशवी बाळगण्यापेक्षा ते कितीतरी सुसह्य असते आणि साठीतली-सत्तरीतली माणसे ते सहज शिकतात.

मधुमेहाची कोणती गोळी चालू आहे तेही पाहा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. ती हृदयासाठी आणि मूत्रपिंडासाठी उपयुक्त आहेत, परंतु त्यांनी लघवीचे प्रमाण वाढते, शिस्नाच्या टोकाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी ती डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावी लागतात. रात्री चार-पाच वेळा उठण्यामागे प्रोस्टेटबरोबर वाढलेल्या साखरेचाही वाटा असू शकतो, आणि तो भाग ऑपरेशनने जाणार नाही.

औषधांवर भागेल का, याचे उत्तर नळी काढण्याच्या पुढच्या प्रयत्नावर अवलंबून आहे. लघवी मोकळी झाली आणि मागे फारशी शिल्लक राहिली नाही तर टॅम्सुलोसिनबरोबर फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड देतात. हे दुसरे औषध ग्रंथी साधारण पाव हिश्शाने लहान करते, पण त्याला सहा महिने किंवा जास्त काळ लागतो, आणि तेवढ्या काळात त्याच्यामुळे पीएसए जवळजवळ निम्म्यावर येतो. पुढे कधी पीएसए तपासला तर हे औषध चालू आहे हे सांगायला विसरू नका, नाहीतर कमी दिसणाऱ्या आकड्याने खोटा दिलासा मिळेल. टॅम्सुलोसिनने उभे राहताना चक्कर येऊ शकते, म्हणून ते रात्री जेवणानंतर घेणे बरे. मोतीबिंदूचे ऑपरेशन व्हायचे असेल तर नेत्रतज्ज्ञांना या गोळीबद्दल आधी सांगावे. ती चालू असताना, किंवा पूर्वी घेतलेली असली तरी, ऑपरेशनच्या वेळी डोळ्यातला बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडून बाहुली आकसते. आधी कळले तर शल्यविशारद तशी तयारी ठेवतात.

पुढचा प्रयत्नही फसला, किंवा लघवी वारंवार अडकली, मूत्राशयात खडे झाले, पुन्हापुन्हा जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव झाला, अडथळ्यामुळे मूत्रपिंडांचे काम खालावले, तर मात्र ऑपरेशन लांबवू नये.

टर्प म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून, विजेवर तापणाऱ्या तारेच्या बारीक कडीने प्रोस्टेटचा आतला भाग पातळ तुकड्यांनी कापून काढणे. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात आणि साधारण तास-दीड तासात काम आटोपते. जुन्या पद्धतीत दुर्बिणीतून ग्लायसिनचे द्रावण सोडावे लागे. ते रक्तात जास्त शोषले गेल्यास सोडियम घसरून रुग्ण गोंधळतो, त्याला उलट्या होतात, प्रसंगी झटके येतात, म्हणून घड्याळाकडे लक्ष ठेवून कापावे लागे. आता बायपोलर पद्धतीत साधे सलाइन चालते आणि तो धोका जवळपास संपला आहे. वडिलांना टर्प सुचवले आहे ते बायपोलर आहे का, एवढे अवश्य विचारा. साधारण ८० ग्रॅमपर्यंतच्या ग्रंथीला ही पद्धत उत्तम लागू पडते, आणि ६४ ग्रॅम त्यात सहज बसते.

लेझर हा शब्द एका पद्धतीचा नाही. होलेप किंवा थुलेपमध्ये होल्मियम अथवा थुलियम लेझरने ग्रंथीचा वाढलेला भाग तिच्या आवरणापासून सोडवतात, संत्र्याची साल जागेवर ठेवून आतल्या फोडी काढून घ्याव्यात तसा, मग तो मूत्राशयात ढकलून यंत्राने बारीक करून बाहेर काढतात. न्यूझीलंडमध्ये पीटर गिलिंग यांनी १९९० च्या दशकात होलेपची पद्धत विकसित केली. ग्रंथी कितीही मोठी असली तरी ती चालते, रक्तस्राव कमी होतो आणि पुन्हा वाढ होण्याची शक्यता टर्पपेक्षा कमी राहते. ती शिकायला मात्र वेळ लागतो आणि नवशिक्या हातांत लघवीवरचा ताबा काही काळ जाण्याचा त्रास जास्त दिसतो. हिरव्या प्रकाशाच्या लेझरमध्ये ग्रंथीची वाफ केली जाते. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या थांबवताच येत नाहीत अशांना ती सोयीची, पण तिच्यात तपासणीला पाठवायला तुकडा उरत नाही. तुमच्या वडिलांच्या पीएसएचा प्रश्न अजून सुटलेला नसताना मला ही उणीव मोठी वाटते. प्रोस्टेटमध्ये वाफ सोडणे, टाचण्यांनी ग्रंथी बाजूला ओढून धरणे, मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून नळी नेऊन प्रोस्टेटचा रक्तपुरवठा बंद करणे हे मार्गही मोठ्या शहरांत उपलब्ध आहेत, पण लघवी पूर्ण अडकलेल्या रुग्णासाठी मी त्यांना पहिली पसंती देणार नाही.

पोट उघडून प्रोस्टेट काढण्याची पद्धत आता फार मोठ्या ग्रंथीपुरती उरली आहे. तिचा १९०१ पासून प्रसार करणारे आयरिश शल्यविशारद पीटर फ्रेयर त्याआधी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते आणि भारतात मूत्राशयातले खडे काढण्यासाठी त्यांचे नाव झाले होते, हे आमच्या शाखेतल्याही अनेकांना ठाऊक नसते.

तेव्हा ६४ ग्रॅमसाठी बायपोलर टर्प की होलेप या प्रश्नावर माझे उत्तर असे आहे की ज्या शल्यविशारदांचा ज्या पद्धतीवर हात बसलेला आहे, ती त्यांच्याकडून करून घ्यावी. 'ही शस्त्रक्रिया तुम्ही महिन्याला साधारण किती करता' हा प्रश्न उद्धटपणाचा नाही आणि चांगले डॉक्टर त्याने दुखावत नाहीत. पारडे फिरवू शकेल अशी गोष्ट म्हणजे रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या. स्टेंटला चार वर्षे झाल्यामुळे त्या दोन गोळ्यांपैकी (बहुधा क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन) क्लोपिडोग्रेल ऑपरेशनच्या पाच ते सात दिवस आधी थांबवून कमी मात्रेतली ॲस्पिरिन चालू ठेवण्यास हृदयरोगतज्ज्ञ बहुधा परवानगी देतील, आणि मग दोन्ही पद्धती खुल्या राहतात. त्यांनी परवानगी नाकारली तर लेझरकडे वळावे. पण ही परवानगी लेखी घ्या आणि कोणतीही गोळी घरच्या घरी बंद करू नका. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रविकारांच्या अनेक शस्त्रक्रिया समाविष्ट आहेत. योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका नेऊन, सुचवलेली पद्धत तिच्यात बसते का, हे दाखल होण्याआधीच विचारून घ्यावे.

वडील जे विचारायला संकोचतात ते स्पष्ट लिहितो. लिंगाला ताठरता देणाऱ्या नसा प्रोस्टेटच्या आवरणाच्या बाहेरून जातात आणि या ऑपरेशनमध्ये काम आवरणाच्या आत चालते, त्यामुळे आधी ताठरता चांगली असेल तर ती बहुतेकांत टिकते. इच्छेवर परिणाम होत नाही. बदल होतो तो वीर्यस्खलनात. मूत्राशयाचे तोंड रुंद झाल्याने वीर्य पुढे न येता मागे मूत्राशयात जाते आणि नंतर लघवीवाटे निघून जाते. टर्प आणि होलेप दोन्हींमध्ये बहुसंख्य पुरुषांना हा अनुभव येतो आणि तो सहसा कायमचा असतो. सुखाची भावना राहते, शरीराला अपाय होत नाही, पण आधी कोणी सांगितले नसेल तर माणूस हादरतो आणि आपले काहीतरी बिघडले असे समजून कुढत बसतो. म्हणून संमतिपत्रावर सही करण्याआधी हे बोलणे झालेच पाहिजे, आणि ते मुलासमोर न होता वडिलांशी, शक्य असल्यास आईलाही बरोबर घेऊन, एकांतात व्हावे. मधुमेह आणि हृदयविकार यांमुळे ताठरतेची अडचण आधीपासून असू शकते. तसे असेल तर तेही आताच नोंदवून ठेवावे, म्हणजे नंतर त्याचा दोष ऑपरेशनवर येणार नाही. एक सावधगिरीची सूचना: छातीतल्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची किंवा रोजची नायट्रेटची गोळी ते घेत असतील, तर ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या त्यांना पूर्ण वर्ज्य आहेत. दोन्ही मिळून रक्तदाब एकाएकी कोसळतो आणि जीव जाऊ शकतो. अशा गोळ्या दुकानातून सहज मिळतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

ऑपरेशननंतर तीन तोंडांची नळी असते; तिच्या एका वाटेने सलाइन आत जाते आणि दुसऱ्या वाटेने लघवीबरोबर बाहेर येते, म्हणजे रक्ताची गुठळी बसत नाही. त्या वेळी मूत्राशयाला कळा येतात आणि लघवीची जोरदार भावना होते. जोर लावू नये, परिचारिकेला सांगून औषध घ्यावे. नळी बहुधा दोन-तीन दिवसांत निघते, मूत्राशय थकलेले असेल तर थोडी जास्त ठेवतात. पुढचे काही आठवडे जळजळ, घाई आणि कपडे थोडे ओले होणे हे अपेक्षित आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासून शिकून घेतले तर ताबा लवकर येतो. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास आतली खपली सुटून लघवी पुन्हा लाल होते आणि घरात धावपळ उडते. पाणी पुरेसे पिऊन विश्रांती घेतली की ती एक-दोन दिवसांत निवळते. गुठळ्या पडू लागल्या किंवा धार थांबली तर मात्र लगेच यावे. सहा आठवडे जड उचलणे, दुचाकीवर किंवा खड्ड्यांच्या रस्त्याने रिक्षातून हिंडणे, शौचाला कुंथणे आणि शरीरसंबंध टाळावेत. पोट साफ ठेवणे हा यातला सर्वांत उपेक्षित भाग आहे. काही महिन्यांनी धार पुन्हा बारीक होऊ लागली तर प्रोस्टेट परत वाढली असे समजू नये. मूत्रमार्गात किंवा मूत्राशयाच्या तोंडाशी व्रण आकसल्याने असे होते आणि ते वेळीच दाखवले तर छोट्या उपायाने सुटते.

हायड्रोसिलबाबत माझा सल्ला थांबण्याचा आहे. अंडाभोवती साठलेले हे पाणी बहुधा निरुपद्रवी असते आणि आकारामुळे चालताना, कपडे घालताना त्रास होत असेल तरच ते काढतात. कमरेखालची भूल एकच असल्याने दोन्ही एकत्र करण्याचा मोह होतो आणि निरोगी रुग्णात तसे करताही येते, पण तुमच्या वडिलांना मधुमेह आहे, नळीमुळे लघवीत जंतू असण्याची शक्यता मोठी आहे आणि रक्त पातळ ठेवण्याची एक गोळी चालूच राहणार आहे. अशा वेळी अंडकोशाच्या सैल त्वचेत रक्त साठणे किंवा जखम चिघळणे सहज घडते. सुईने पाणी काढून घेण्याचा सोपा वाटणारा मार्गही सुचवणार नाही, कारण ते पुन्हा भरते आणि जंतू आत जाण्याचा धोका वर राहतो. आतले अंड निकोप असल्याचे सोनोग्राफीत नमूद आहे ना, एवढे पाहा. गडचिरोली, चंद्रपूर यांसारख्या हत्तीरोगाच्या भागात राहणे झाले असेल तर तेही सांगा, कारण हत्तीरोगानेही हायड्रोसिल होते. वर्षानुवर्षे कुंथून लघवी केलेल्यांना जांघेत हर्नियाही असू शकतो. तो उभे करून, खोकायला लावून तपासून घ्यावा.

काढलेले तुकडे तपासणीला पाठवले आहेत याची घरी जाण्याआधी खात्री करा आणि आठवड्याभराने त्याचा अहवाल हातात घ्या. ऑपरेशनमध्ये ग्रंथीचा बाहेरचा भाग आत तसाच राहतो, म्हणून तीन महिन्यांनी पीएसए पुन्हा करावा लागेल. तो आकडा त्यांच्यासाठी नवा पाया असेल आणि पुढे वर्षातून एकदा त्याच्याशी तुलना करत जावे लागेल. तीन महिन्यांच्या त्याच भेटीत धारेचा वेग मोजून घ्या, आणि हायड्रोसिलचा निर्णयही तेव्हाच घ्या.